खाडीत कयाकवरून फ्लाय फिशिंग: सामान, तयारी आणि तंत्र

खारफुटीतल्या कांदळाच्या मुळांत जिताडा मासा जिथे दबा धरून बसतो, तिथे पायी जाता येत नाही. गुडघाभर चिखल असतो. इंजिनाच्या होडीने गेलात तर तुम्ही पोचेपर्यंत मासा सरकलेला असतो. कयाक वीतभर पाण्यातूनही निघते, आवाज करत नाही आणि माशापासून दहा-बारा मीटरवर आणून सोडते. फ्लायला तेवढंच अंतर पुरतं. फ्लाय म्हणजे गळाभोवती बांधलेली पिसं आणि केस. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, तिला पुढे नेतं ते जाड लाइनचं वजन. त्यामुळे लांब फेकण्याची हौस सोडा. जवळ जाणं, गप्प राहणं आणि लाइन आटोक्यात ठेवणं ही तीन कामं जमली की कयाकवरची फ्लाय फिशिंग जमली. खालचं सगळं सामान आणि सगळा खटाटोप त्याचसाठी आहे.

हे लिहिताना डोळ्यासमोर सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या खाड्या आहेत: कर्ली, आचरा, तेरेखोल, शापोरा, साळ. मासे मुख्यतः दोन, जिताडा (गोव्यातलं चोणक) आणि तांबोशी. गळाने गरवणाऱ्यांना हे दोन्ही मासे चांगले ठाऊक असतात; फरक फक्त हत्याराचा.

कयाक

सिट-ऑन-टॉप प्रकारचीच घ्या. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये पाणी भरतं, आणि सुटी लाइन पायाखाली जाते ती वेगळीच. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३२ ते ३६ इंच असावी. फ्रेमवर उचललेली सीट असेल तर कास्ट (लाइन आणि फ्लाय फेकणं) सोपा होतो, पण बसायची उंची वाढली की कयाक जास्त डुलते. विकत घेण्याआधी कमरेइतक्या पाण्यात एक परीक्षा करा: सीटवर आडवे वळून दोन्ही पाय एका बाजूने पाण्यात सोडा. तसं निवांत बसता आलं तर ती कयाक तुमची.

उभं राहून कास्ट करण्याचे व्हिडिओ बघून मोह होतो. धरणाच्या संथ पाण्यात ठीक आहे. खाडीत प्रवाह, वारा आणि बाजूने जाणाऱ्या होडीची लाट असते, तिथे मी तरी बसूनच टाकतो.

पायांनी चालवायच्या कयाकने हात मोकळे राहतात आणि फ्लायवाल्याला हे सुख मोठं आहे. हॉबी या कयाक कंपनीने १९९७ मध्ये मिराजड्राइव्ह हे पायांनी चालवायचं यंत्र आणलं तेव्हापासून हा प्रकार रुळला. पण उथळ चिखलात आणि मुळांत खालचे पंखे अडकतात. सुरुवातीला साधं वल्हं पुरे. पर्यटकांसाठी भाड्याने मिळणाऱ्या दोन सीटच्या कयाकवरही शिकता येतं. पुढची सीट काढून ठेवली तर लाइन टाकायला छान मोकळी जागा मिळते.

रॉड, रीळ, लाइन

फ्लायच्या सामानाला नंबर असतो. तो लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ८ नंबरचं प्रमाण वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. खाडीसाठी हाच नंबर. ६ नंबर वाऱ्यात दबतो आणि तांबोशीला मुळांतून ओढून काढताना कमी पडतो. १० नंबरने तासाभरात खांदा बोलायला लागतो.

रॉडची लांबी नऊ फूट. बसल्यावर आपण पाण्याच्या जवळ येतो, म्हणून काही जण दहा फुटी रॉड सुचवतात. लाइन उचलायला तो बरा, पण मासा जवळ आणताना टोक इतकं लांब राहतं की हात पुरत नाही. फार आखूड रॉडही नको. मासा कयाकखालून पलीकडे गेला तर रॉडचं टोक नाकाच्या पुढून फिरवून त्या बाजूला न्यावं लागतं. बारा फुटी कयाकमध्ये नाक तुमच्यापासून सहा-सात फुटांवर असतं. नऊ फुटी रॉड तिथे पोचतो, आठ फुटी रॉड काठाला घासतो.

रिळावर फार खर्च करू नका. खाडीत तांबोशी शंभर मीटर पळत नाही, ती दोन मीटर पळते, थेट मुळांत. खाऱ्या पाण्याला टिकणारं, बंद ड्रॅगचं (म्हणजे रिळाच्या ब्रेकचं) रीळ आणि १५० मीटर बॅकिंग (लाइनच्या मागे जोडायची बारीक दोरी) एवढं बास.

पैसे घालायचे तर लाइनवर घाला. थंड देशातल्या ट्राउटसाठी बनवलेली लाइन कोकणातल्या एप्रिलमध्ये मऊ पडते, कड्यांना चिकटते आणि शेवयांसारखी गुंतते. पाकिटावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेली, वेट-फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात असलेली), तरंगती लाइन घ्या. दुसऱ्या स्पूलवर हळू बुडणारी इंटरमीडिएट लाइन असली की दुपारी मासा खोल गेल्यावर उपयोगी पडते.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधलं नायलॉन, आठ-नऊ फूट: सुरुवातीला ४० पौंडी, मध्ये २० पौंडी आणि शेवटचा दीड-दोन फूट पुन्हा ४० पौंडी जाड नायलॉन. जिताड्याच्या तोंडाची कडा कानशीसारखी खरखरीत असते आणि कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं. बारीक नायलॉन तिथेच तुटतं. तुकडे जोडायला दुहेरी सर्जन गाठ आणि फ्लायला न सरकणारी फासगाठ. त्या फाशामुळे जाड नायलॉनवरही फ्लाय मोकळी हलते.

फ्लाय कोणत्या

तीनच नमुने घेऊन सुरुवात करा. पहिली क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठी बॉब क्लाउझर यांनी ती १९८० च्या दशकात बांधली. तिच्या जड डोळ्यांमुळे गळ वर तोंड करून चालतो आणि तळाला कमी अडकतो. दुसरी लेफ्टीज डिसीव्हर, लेफ्टी क्रे यांची, लांब पिसांची, लहान बोयट माशासारखी दिसणारी. तिसरी फोमची गर्गलर, पाण्यावर बुडबुड करत येणारी, पहाटेच्या अर्ध्या तासासाठी. रंग पोपटी-पांढरा, करडा-पांढरा आणि कोळंबीचा मातकट. गळ १/० किंवा २/०.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. माशाला सोडणं सोपं होतं हे खरंच. पण बसून टाकताना ती जड डोळ्यांची फ्लाय कानाजवळून जाते, हे त्याहून मोठं कारण. टोपी आणि चष्म्याशिवाय एकही कास्ट करू नका.

डेक

इथे बहुतेकांचा दिवस वाया जातो. कास्ट करायच्या आधी दहा-बारा मीटर लाइन सुटी पडलेली असते आणि ती अडकायला जागा शोधत असते. कयाकवर तशा जागा किती असतात ते एकदा मोजून बघा. पाय टेकायच्या खुंट्या, सीटचे पट्टे, वल्ह्याची टोकं, रॉड होल्डर, बाटलीचं झाकण, चपलेचा बंद. मासा दिसतो, तुम्ही टाकता, लाइन सुर्रकन निघते आणि अर्ध्यावर खट्कन थांबते. बघावं तर खुंटीला वेढा.

उपाय सोपा आहे, पण नेटाने करावा लागतो. समोरच्या अर्ध्या भागात काहीही ठेवायचं नाही. डबा, पक्कड, पाणी, जाळी सगळं सीटच्या मागे, क्रेटमध्ये. खुंट्या, कडी, हुक यांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पसरा आणि चारही कोपरे चिकटपट्टीने दाबा. तो ओला करून ठेवा, ओल्या कापडावर लाइन वाऱ्याने उडत नाही. पायात बंद नसलेले रबरी बूट. लाइन ओढताना मांड्यांच्या मधोमध, एकाच जागी मोठ्या वेढ्यांत सोडत जा. दर अर्ध्या तासाने सगळी लाइन एकदा पाण्यात सोडून पुन्हा आत घ्या म्हणजे पीळ निघतो.

वल्ह्याला दोरी बांधा आणि ते डाव्या-उजव्या कडेला आडवं सरकवा, मांडीवर नको. वल्हवताना रॉड मागच्या होल्डरमध्ये उभा ठेवायची सवय धरणावर चालते. खाडीत वरच्या फांदीला लागून टोक मोडतं. इथे रॉड डेकवर, टोक पुढे करून आडवा. डेकवर पातळ फोम किंवा जुनी योगा मॅट चिकटवली तर पक्कड पडल्याचा ढोलासारखा आवाजही जातो. प्लॅस्टिकची कयाक पाण्यात तो आवाज लांबवर पोचवते.

तिथी, भरती आणि जायची वेळ

कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा वळतं. म्हणून ठिकाण ठरल्यावर भरतीचं कोष्टक बघाच.

या हिशेबात फ्लायवाल्यासाठी मोठी सोय दडली आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते: पाणी कमी चढतं, कमी उतरतं, प्रवाह मंद आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. आणि त्याच दिवसांत पूर्ण भरती सकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे उजाडताना थांबलेल्या पाण्यावर कयाक टाकायची, प्रवाहाशी न झगडता खाडीत वर जायचं आणि मग सगळी सकाळ ओहोटीबरोबर मासे शोधत खाली यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी गढूळ आणि जोरात असतं. जाळ्यांना ते चांगलं, फ्लायला नाही.

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी एक सूचना. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढ-उतार करतं, गोव्यात दोन मीटरच्या आसपास. उत्तरेकडे जाल तसा चिखलात अडकण्याचा धोका वाढतो. कुठेही असलात तरी पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी धक्क्याला लागा.

वाऱ्याचंही वेळापत्रक आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तो हलका. दहा-अकराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तो उतरत्या पाण्याविरुद्ध भिडला की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. त्याआधी काम संपवा.

मासा कुठे शोधायचा? ओहोटीत कांदळवनातलं पाणी छोट्या चरांतून खाडीत उतरतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोयटं बाहेर पडतात. त्या चराच्या तोंडाशी, जिथे गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसते, तिथे जिताडा थांबलेला असतो. झाडंही ओळखायला शिका. तिवराची श्वासमुळं खुंट्यांसारखी वर येतात, त्यांत मोठ्या माशाला आडोसा कमी. कांदळाची कमानदार मुळं पाण्यात खोल उतरतात. फ्लाय तिथे, मुळांपासून हातभर अलीकडे.

बसून कास्ट

पाण्यावर जाण्याआधी मैदानावर किंवा गच्चीवर जमिनीवर पाय पसरून बसा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा आणि बारा मीटरवर ठेवलेल्या चपलेवर टाकत राहा. उभं राहून केलेला सराव इथे अर्धाच उपयोगी पडतो. बसल्यावर मागे गेलेली लाइन खाली येऊन पाण्याला लागते आणि तिथेच कास्ट मरतो.

१. रॉडचं टोक पाण्याला टेकवून सगळा ढील ओढून घ्या. लाइन ताठ नसेल तर पुढचं काहीच नीट होणार नाही.

२. हळू सुरुवात करत वेग वाढवत उचला आणि रॉड डोक्यावर, जरासा मागे, ठामपणे थांबवा. लाइन मागे नव्हे, मागे-वर गेली पाहिजे. कोपर नेहमीपेक्षा उंच ठेवा.

३. मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबा. बसल्यावर घाई होते, ती आवरा.

४. पुढे आणून नजरेच्या पातळीवर थांबवा आणि सुटी लाइन जाऊ द्या. हवेतले फेरे एक किंवा दोनच. जास्त फेऱ्यांनी अंतर वाढत नाही, फक्त मासा सावध होतो.

दुसऱ्या हाताने लाइनला झटका देण्याचं तंत्र (हॉल) आलं तर वाऱ्यात फार फरक पडतो, पण ते नंतर शिका. आधी रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे गुंडाळत टाकणं) शिका, कारण पाठीमागे झाडं असली की तोच एक मार्ग उरतो. फांद्यांखाली फ्लाय घालायची तर रॉड आडवा करून, पाण्याला समांतर फेका.

उजव्या हाताने टाकणाऱ्याने झाडी डाव्या अंगाला ठेवून जावं. डावीकडे पुढच्या कोनात टाकलं की मागची लाइन उजव्या खांद्यावरून मोकळी जाते आणि कंबर पिळावी लागत नाही. वारा डावीकडून असेल तर फ्लाय अंगापासून दूर राहते. दोन्ही गोष्टी एकदम क्वचितच मिळतात. निवडायची वेळ आली तर वाऱ्याला मान द्या.

फ्लाय पडली की रॉडचं टोक पुन्हा पाण्याला टेकवा. हातभर ओढ, थांब, दोन छोट्या ओढी, थांब. मासा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो. कयाक फ्लायकडे वाहत असेल तर ओढूनही लाइन सैलच राहते आणि चावा कळत नाही, म्हणून पुढचा भाग.

कयाक एका जागी कशी ठेवायची

भांगाच्या मंद पाण्यात सगळ्यात चांगलं साधन सात-आठ फुटी बांबू. एक टोक तासून घ्या, कयाकच्या मागच्या कडीतून चिखलात खुपसा आणि दोरीचा एक वेढा द्या. खळखळाट नाही, साखळी नाही. पाणी खोल असेल तर दीड किलोचा घडीचा नांगर.

नांगर कधीही कयाकच्या मध्यावर, कुशीला बांधू नका. प्रवाह आडव्या कयाकला खाली दाबतो आणि ती क्षणात उलटते. दोरी नाकाला किंवा शेपटालाच हवी. बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नाही, म्हणून कडेने दोन कप्प्यांवर फिरणारी दोरी लावतात. कडीला नांगर अडकवायचा आणि दोरी ओढून ती कडी पुढे किंवा मागे न्यायची. गाठ अशी असावी की एका झटक्यात सुटेल आणि टोकाला एक लहान तरंगता बोया असावा. संकटात दोरी सोडून द्यायची, नांगर नंतर शोधता येतो.

खारफुटीच्या फांदीला दोरी बांधण्याचा शॉर्टकट नको. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आहे. शिवाय तिथल्या लाल मुंग्या न्यायालयाची वाट पाहत नाहीत.

मासा लागला की

चावा आला की रॉड वर उचलायचा मोह होतो. तो दाबा. लाइनचा हात जोरात मागे ओढा, रॉड फ्लायच्या दिशेने सरळच राहू दे. उचललात तर फ्लाय तोंडातून निघून जाते; ओढलंत आणि चुकलं तर ती तिथेच राहते आणि मासा पुन्हा घेऊ शकतो.

तांबोशीचा हिशेब पहिल्या दोन सेकंदांत होतो. चावा जोरात नसतो, लाइन नुसती जड होते. आणि तुम्ही विचार करेपर्यंत तिने मुळांकडे तोंड फिरवलेलं असतं. लाइन बोटाखाली घट्ट दाबा, एक इंचही देऊ नका, रॉड आडवा करून खाडीच्या मध्याकडे वाकवा. कयाक बांबूला बांधलेली असेल तर मासा वळतो. मोकळी असेल तर मासा वळण्याऐवजी कयाकच झाडीत ओढली जाते. जिताडा उलट उडी मारतो, डोकं हलवतो. उडी मारताना रॉडचं टोक खाली न्या म्हणजे नायलॉनवर झटका येत नाही. मासा मोकळ्या पाण्यात आला की बांबू सोडवा आणि कयाकला त्याच्यामागे फिरू द्या. तिच्या ओझ्यानेच तो दमतो.

जवळ आणताना रॉडचा हात मागे आणि बाजूला लांब न्या, दुसऱ्या हातात रबरी जाळी. रॉड डोक्यावरून उभा धरला की टोक मोडतं. काठावरून वाकू नका, मासा जाळीपर्यंत आणा.

मोठा जिताडा सोडून द्या. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठा मासा म्हणजे अंडी घालणारी मादी. तांबोशीच्या तोंडात बोट घालू नका, सुळे असतात. शिंगाळा लागला तर हात लावू नका. पाठीवरचा आणि पंखांचा काटा विषारी असतो, पक्कडीने गळ काढा.

सुरक्षा आणि परवानगी

लाइफ जॅकेट अंगात, सीटमागे नाही. फ्लायसाठी खांदे मोकळे राहतील असं घ्या. उलटल्यावर पुन्हा चढायचा सराव किनाऱ्याजवळ आधी करा: कयाक सरळ करा, मधोमध कडेला धरून पाय मागे पाण्यावर आणा, पाय मारत पोट डेकवर आणा, मग कुशीवर वळून बसा. हे जमत नसेल तर अजून खाडीत जाऊ नका. गळ्यात शिट्टी, जॅकेटवर सुरी आणि मोबाइल पाणीबंद पिशवीत.

जून ते सप्टेंबर खाडीला हात लावायचा नाही. इतर वेळी निघण्याआधी इन्कॉइसचा (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा) लाटांचा इशारा बघा. मांडवी, जुवारीत फेरीबोटी आणि बार्ज चालतात, मधल्या मार्गापासून दूर राहा. कुंभारजुवेच्या कालव्यात आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरणं आणि पाय सोडून बसणं नको. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७) आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) इथे रॉड काढूच नका.

गोव्यात खाजणाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, दिसली की मासे दिसणारच. पण तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव झालेला असतो, तिथून लांब राहा. महाराष्ट्रातही गावातल्या मच्छीमारांना आधी विचारा. खुंटांवर लावलेली जाळी कुठे आहेत ते तेच सांगतील आणि भरतीच्या कोष्टकात नसलेल्या दोन गोष्टीही.

घरी आल्यावर रीळ, रॉडची कडी आणि लाइन गोड्या पाण्याने धुवा. नळाचा जोराचा फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. बादलीत बुडवून काढा आणि ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. वापरलेल्या फ्लाय ओल्याच डबीत परत ठेवल्या तर आठवड्यात सगळ्या डबीला गंज चढतो. त्यांना पेपरवर रात्रभर पसरून ठेवा, मांजराच्या आवाक्याबाहेर.